न्हाणीमागचा गळसरीवाला

"हे कोणी काढलं?" बाहेर दुकानात बाईसाहेबांचा आवाज आला, आणि पडद्यामागं बसलेल्या पुष्पावतीचा कुंचला हवालदाराच्या गालावर थांबला.

हवालदार अर्थातच फोटोतला. उन्हातान्हानं रापलेला, मूळचाच सावळा. त्याला गावाकडं फोटो पाठवायचा होता, म्हणून त्याचे गाल गुलाबी करायचं काम चाललं होतं.

"कुठलं बाईसाहेब? हे पाखराचं व्हय?" काकासाहेबांनी घसा साफ केला. "मीच की. आपलं रिकामपणी."

पुष्पावतीनं कुंचला खाली ठेवला.

काकासाहेब तिचा धाकटा दीर. भिंगारच्या बाजारातला हा फोटो स्टुडिओ तिच्या नवऱ्यानं, मच्छिंद्र बोरुड्यांनी काढलेला. चार वर्षांमागं काविळीनं ते गेले, तेव्हापासून पुढच्या खुर्चीवर दीर आणि मागच्या स्टुलावर ती. तो खटका दाबायचा. फिल्म धुणं, काळेपांढरे फोटो छापणं आणि ते कुंचल्यानं रंगवणं तिच्याकडं. कॅम्पातले जवान मद्रासपासून पंजाबपर्यंत घरी फोटो धाडायचे, आम्ही इथं सुखात आहोत म्हणून. त्यांच्या गालावर ते सुख पुष्पावती भरायची.

"थिरथिरा ना हा?" बाईसाहेब म्हणाल्या. पुण्याकडच्या होत्या, कॅम्पातल्या कुणा मोठ्या साहेबांच्या पत्नी.

"व्हय व्हय, त्योच," काकासाहेब म्हणाले. त्या पाखराला नाव असतं हे त्यांना त्याच क्षणी कळलं होतं. फोटो भिंतीवर लावला होता तोही पोपडा झाकायला.

"रंग काय सुंदर भरलेत! आणखी आहेत?"

"डबाभर हायेत."

मग सगळं पटापट ठरलं. रविवारी क्लबात छायाचित्रांचं प्रदर्शन होतं. बाईसाहेबांना पाखरांचे वीस फोटो हवे होते. शनिवारी सकाळी दहाला त्या स्वतः न्यायला येणार होत्या. खाली कार्डं लावायची, तर नाव काय लिहू?

"काकासाहेब पुंजाराम बोरुडे," काकासाहेबांनी बापाच्या नावासकट सांगितलं. पोलिसात सांगतात तसं.

बाईसाहेबांची जीप गेली. पुष्पावती पडदा सारून पुढं आली.

"भावजी, काय बोललात हे?"

"काय बोललो?"

"मीच काढले म्हणालात."

"मंग काय सांगू? आमच्या वहिनी न्हाणीत दडून बसत्यात आन् पाखरांचे फोटू काढत्यात, असं सांगू? त्या बाईसाहेबांपुढं?"

"व्हय. तसंच सांगायचं. तसंच हाय ते."

आणि होतंच ते तसं. जवानाला गाडी पकडायची असली की बारा फोटोंच्या फिल्मवर त्याचे तीन काढायचे आणि लगेच धुवायला घ्यायची. उरलेली फिल्म कोरी वाया जायची. तीन हिवाळ्यांपूर्वी एकदा काकासाहेबांनी कॅमेरा मागं दिला, आणि ती अंधाऱ्या खोलीत जायच्या ऐवजी परसात गेली. परसात न्हाणी होती. न्हाणीचं सांडपाणी जिथं मुरायचं तिथं अळू माजलेला, आणि त्या ओलीला थंडीत कुठली कुठली पाखरं यायची. न्हाणीच्या दाराला गोणपाट होतं. तिनं त्याला कॅमेऱ्याच्या भिंगाएवढं भोक पाडलं.

पहिल्या हिवाळ्यात फोटोत पाखरू सापडायचं नाही. जाऊ विजयमालानं एकदा फोटो उलटासुलटा करून एका दगडावर बोट ठेवलं होतं, "ह्यो व्हय?" मग पुष्पावती दमानं घ्यायला शिकली. तासतासभर गोणपाटामागं उकिडवी बसायची. गुडघे धरायचे, मुंग्या यायच्या. पाखरांची नावं सांगणारं भिंगारात कुणी नव्हतं, म्हणून तिनंच ठेवली. शेपटी थरथरवणारा तो थरथऱ्या. पांढऱ्या लुगड्याची ती परटीण. अळवाखालनं चोरासारखा निघायचा आणि चाहूल लागली की परत आत, त्याच्या गळ्यावर निळी पट्टी आणि पट्टीत मधोमध तांबडा मणी, तो गळसरीवाला.

यंदा पावसानं तोंडच दाखवलं नव्हतं. नळाला दिवसाआड अर्धा तास पाणी, अर्धा तालुका दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलेला, घरोघर रेशनवरच्या मिलो ज्वारीच्या लाल भाकरी. पाखरं मात्र तिच्या परसात यंदा जास्ती. ती आपल्यावरच्या लोभानं येत नाहीत, दुसरीकडं ओलच उरली नाही म्हणून येतात, हे पुष्पावतीला कळत होतं. फोटो काढताना कधीकधी तिला शरम वाटायची.

ती दिरासमोरून हलली नाही. काकासाहेबांनी समजुतीचा सूर लावला.

"वहिनी, असं बघा. फिलिम दुकानाची. कागद दुकानाचा. कॅमेरा दादाचा. पाखरं तर कुणाच्याच बापाची न्हाईत. मंग तुमचं काय ऱ्हातं त्यात?"

"रंग."

काकासाहेब मोकळेपणी हसले. त्यांच्या हसण्यात वाईटपणा नव्हता, आणि तेच जास्त झोंबलं.

"आवो, रंग तर मनाचे! काळ्या हवालदाराला गोरा करता, तसं मातकट पाखराला निळं केलं. मी काय बघत न्हाई व्हय? लई छान केलंय, नाव ठेवत न्हाई मी. पन त्ये काय खरं हाय का?"

 हवालदारांचे गाल पुष्पावती मनानं रंगवायची, खरं होतं. नवरीच्या शालूचा रंग, बाळाच्या झबल्याचा रंग, कशाकशाला तिनं कुणाला विचारलं नव्हतं. पण पाखरांच्या बाबतीत तिनं एक ठिपकादेखील पदरचा घातला नव्हता. गळसरीवाल्याचा मणी तांबडा की शेंदरी, एवढ्यासाठी ती अकरा दिवस थंडीत बसली होती. तो मणी पुरा दिसेपर्यंत फोटोतली ती जागा तिनं कोरी ठेवली होती. आणि हे म्हणतात मनाचे!

"मनाचे?" ती म्हणाली.

"मंग कशाचे?"

"बरं," ती म्हणाली आणि पडद्यामागं गेली. तो हवालदार त्या दिवशी अर्धाच गोरा राहिला.

शुक्रवारी फोटो चिकटवायचा जाड कागद आणायला काकासाहेब नगरला गेले. जाताना बजावून गेले, "वीस चांगले बघून पाकिटात घालून ठेवा, वहिनी." एवढी लाज तरी बाळगायची, असं तिला वाटलं. निवडायचेही तिनंच!

तिनं निवडले. खरंच चांगले वीस निवडले. मग फिल्म धुवायचा ट्रे परसात आणला, आपल्या वाट्याची पाण्याची बादली त्यात ओतली, चिमूटभर धुण्याचा सोडा टाकला आणि पहिला फोटो बुडवला. तिचे रंग पाण्यातले होते. पाणी लागलं, कापसाचा बोळा फिरवला, की सुटणार होते. मनाचे आहेत ना, मग माझे आहेत. माझे मी काढून घेते. तुमचा कागद तुम्हाला, तुमची फिल्म तुम्हाला.

थरथऱ्याची शेपटी राखाडी झाली. एका चकचकीत जांभळ्या पाखराची पाठ काळी पडली. ट्रेमधलं पाणी आधी केशरी, मग गढूळ होत गेलं, आणि तिच्या ओठातून नवऱ्यापासून दिरापर्यंत सगळ्यांसाठी अशा शिव्या निघत होत्या, ज्या आपल्याला येतात हे तिलाही ठाऊक नव्हतं. तेराव्या फोटोला पाणी संपलं. गढूळ पाण्यात रंग सुटेना, उलटा दुसऱ्याच पाखरावर बसायला लागला.

"आक्का! आवो, पानी कुठं घालवलं सगळं?" विजयमाला दारात उभी होती. "उद्या नळ न्हाई, याद हाय ना? आन् हे काय करताय, चांगले रंगवलेले..."

"धुतेय."

"का?"

"तुझ्या नवऱ्याला इचार."

विजयमाला ट्रेकडं बघत राहिली. काल दुकानात झालेलं तिनं स्वैपाकघरातून ऐकलं होतंच. इतकी वर्षं जावेच्या पाखरवेडाला ती हसत आली होती. माणसं घागरी घेऊन रांगेत आन् आमच्या आक्कांच्या पाखरांची आंघोळ, हे शेजारणीला तिनंच सांगितलं होतं.

ती आत गेली. बाहेर आली ती स्वैपाकाची कळशी कंबरेवर घेऊन. ट्रेशेजारी ठेवली.

"डाळ परवा शिजवू," म्हणाली. "आज ठेचा करते."

गळसरीवाला पुष्पावतीनं सगळ्यात शेवटी बुडवला. मणी लगेच गेला. निळा काही केल्या सुटेना. तिनं बोळा दाबून दाबून फिरवला, डोळ्यातलं पाणी दंडाला पुसलं, आणि निळा जाईपर्यंत पुन्हा फिरवला.

शनिवारी दहाला जीप आली. काकासाहेबांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. त्यांनी पाकीट दोन्ही हातांनी पुढं केलं. बाईसाहेबांनी पहिला फोटो काढला, दुसरा काढला, मग सगळेच टेबलावर पसरले. वीस राखाडी पाखरं.

"हे काय? रंग कुठं गेले?"

काकासाहेबांच्या तोंडाचं पाणी पळालं. "रंग... आवो, परवापातूर तर..."

"मी काढून घेतले," पुष्पावती पडद्याबाहेर येऊन म्हणाली. "फोटू मी काढले. छापले मी. रंगवले मी. ह्यांनी खिळा ठोकला भिंतीत, तेवढा ह्यांचा."

बाईसाहेबांनी काकासाहेबांकडं पाहिलं. काकासाहेब खिळ्याकडं बघत होते.

दुसरं कुणी असतं तर निघून गेलं असतं. पण बाईसाहेबांना पाखरांचं खरंच वेड होतं. गळसरीवाल्याचा फोटो त्यांनी डोळ्याशी नेला. पिशवीतून जाडजूड इंग्रजी पुस्तक काढलं, पानं भराभर उलटली.

"भुवई पांढरी... शेपटीच्या बुडाशी फिकं... अहो, यात दोन पक्षी आहेत सारखे. एकाचा गळा लाल, एकाचा निळा. या फोटोत काहीच कळत नाही. गळा कुठला होता याचा?"

"निळा. निळ्यात तांबडा मणी. खाली काळी कड, तिच्याखाली परत तांबूस. मादीला निळं नसतं, ती अळवाबाहेर फार येत न्हाई."

बाईसाहेबांनी पुस्तक तिच्यापुढं सरकवलं. पानावर तो होता. हुबेहूब, मण्यासकट. इंग्रजीतही म्हणे त्याचं नाव गळ्यावरूनच पडलं होतं. पुष्पावतीला ती अक्षरं वाचता येत नव्हती, पण ती पानावरून नजर काढू शकली नाही.

काकासाहेबांनीही वाकून पाहिलं. "पुस्तकातला बी कुनीतरी रंगवलाच असंल की," ते पुटपुटले.

"दहा वर्षं शोधतेय मी हा पक्षी," बाईसाहेब म्हणाल्या. "बाई, आज संध्याकाळपर्यंत रंगवून द्याल हे? निदान दहा तरी?"

"देते. कार्डावर माझं नाव घाला. पुष्पावती मच्छिंद्र बोरुडे."

बाईसाहेब अवघडल्या. "कार्डं छापून आली हो. साहेबांच्या सहीनं यादी वर गेलीय. आता ऐनवेळी... पुढच्या वर्षी नक्की तुमच्या नावानं लावू."

"पुढच्या वर्षी तुमची बदली झालेली असंल, बाईसाहेब. भिंगारात जन्म गेलाय माझा."

"पण कौतुक तुमच्याच कामाचं होईल ना?"

"मग न्हाई," पुष्पावती म्हणाली.

बाईसाहेबांनी वीसही फोटो नीट एकावर एक रचले, पाकिटात घातले आणि पाकीट तिच्या हातात दिलं. जीपपर्यंत जाऊन त्या परत फिरल्या.

"हा... अजून येतो?"

न्हाई म्हणावं, येत न्हाई, मेला म्हणावं, असं पुष्पावतीच्या अगदी जिभेवर आलं.

"येतो," ती म्हणाली. "सकाळी साताला. मागच्या बोळातून या. कॅमेरा नका आणू."

जीप दिसेनाशी झाल्यावर काकासाहेबांना कंठ फुटला. "वहिनी, बाजारात इज्जत घालवली!"

"कुणाची?" तिनं विचारलं, आणि अर्धा राहिलेला हवालदार पुरा करायला आत गेली.

रविवारी सातच्या आधीच ती न्हाणीत जाऊन बसली. गोणपाटाला दव होतं. सात झाले, सव्वासात झाले. बोळातून कुणी आलं नाही. प्रदर्शनाचा दिवस, त्यांना हजार कामं. तरी तिनं दोनदा कान दिला आणि स्वतःवरच चिडली.

मागून बांगड्या वाजल्या. पिठाचे हात पुढं धरून विजयमाला आत शिरली.

"आली न्हाई व्हय ती?"

"न्हाई."

"मंग मी बसू का?"

पुष्पावती सरकली. "बस. हालू नको. बांगड्या धर."

दोघी गोणपाटामागं खांद्याला खांदा लावून बसल्या. विजयमालाच्या अंगाला मिलोच्या पिठाचा वास येत होता. अळवाचं एक पान हललं, मग दुसरं. तो निघाला, थबकला, आणि कोवळं ऊन जिथं पडलं होतं तिथं येऊन त्यानं मान वर केली.



"आगं बया," विजयमाला अगदी हळू म्हणाली. "आक्का... निळाच हाय की हो त्यो. मला इतकी वर्सं वाटायचं, तुमीच..."

तिनं वाक्य तिथंच सोडलं.

पुढून काकासाहेबांची चहासाठी हाक आली. एकदा आली, मग जरा मोठ्यानं आली. दोघींपैकी एकीनंही ओ दिली नाही.