वापरणारे: एक

माझी बायको जाऊन साडेतीन महिने झाले होते, तेव्हा तिच्या फोनवर एक निरोप आला.

"हा फोन कोणाच्या हातात आहे?"

फोन माझ्या हातात होता. माझी ड्युटी साडेदहाला सुरू होते. त्याआधी नऊच्या सुमाराला चहा घेऊन मी हिचा फोन उघडायचो आणि आतले फोटो बघायचो. बहुतेक फोटो कुंडीतल्या झाडांचे, दोनचार माझ्या पाठीचे. नव्याण्णव टक्के वेळा त्यात बघण्यासारखं काही नसायचं, तरी बघायचो.

हा फोन म्हणजे आमच्या घरातलं जुनं भांडण. दुकानदाराने विकतानाच सांगितलं होतं, "वहिनी, फोन दणकट आहे, अक्षरं मोठी आहेत, पण ह्याची जात वेगळी. सगळे वापरतात ती ॲप ह्यावर येत नाहीत." हिने मोठी अक्षरं बघितली आणि घेतला. पुढे जे आधी थोडंफार चालायचं तेही बंद पडलं. नातेवाइकांचा ग्रुप बंद, बँकेचं बंद, व्हिडिओवर बोलणं बंद. ॲपच्या दुकानात जावं तर बाजार उठून गेल्यासारखं. लेक वैतागायची.

"आई, मी फोटो काय पोस्टाने पाठवू तुला?"

"पाठव की. तेवढाच पोस्टमन तरी येईल घरी."

शेवटी लेकीने चांगला नवा फोन आणून दिला. हिने त्याचं कौतुक केलं आणि खोक्यासकट कपाटात ठेवला. तो तसाच आहे. मी विचारलं तर म्हणाली, "ह्याची सवय झालीय मला." तेव्हा मी सोडून दिलं. आता तो निरोप वाचला आणि वाटलं, नुसत्या सवयीसाठी कुणी एवढं धरून बसत नाही. काहीतरी असणार.

निरोप ज्या ॲपवर आला त्याचं नाव होतं 'कुठवर'. निळा चौकोन. फोन उघडला की हे आपोआप जागं व्हायचं, आणि वर 'माहिती मिळत नाही' असं यायचं, म्हणून मी कधी लक्ष दिलं नव्हतं. खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं, 'निर्माता: टेकू. वापरणारे: १.' एवढ्या मोठ्या जगात एकच वापरणारी, आणि ती माझी बायको.

कोपऱ्यात पाकिटाचं चित्र होतं. ते दाबलं. नव्या निरोपाच्या वर पाच जुने निरोप होते. पहिला हिचा, दुसरा त्या टेकूचा, असे आळीपाळीने.

"आजही तसंच झालं. मी वाट बघत होते."

"मीही बघत होतो. दोनदा बघितलं."

"तुमच्याशिवाय हे कुणाला सांगू? ह्यांना कळता कामा नये."

"माझ्याकडून कळणार नाही."

"मग मला काळजी नाही."

मी खुर्चीत बसलो. चहा तसाच राहिला.

'ह्यांना' म्हणजे मला. एकतीस वर्षांच्या संसारात ती मला नावाने हाक मारत नव्हती, त्यामुळे त्यात शंकेला जागाच नव्हती. माणूस गेल्यावर त्याचा संसार आपल्यापाशी उरतो. तोही खोटा निघाला तर माझ्यापाशी काय उरणार होतं? दोन खोल्या आणि कुंड्या.

मी काहीतरी करायचं म्हणून उत्तर लिहिलं, हिच्या नावाने. "माझ्याच हातात आहे. का?"

पाठवलं आणि वरचा पहिला निरोप दिसेनासा झाला. 'आजही तसंच झालं' गेलं. तेव्हा ध्यानात आलं की हे ॲप शेवटचे सहाच निरोप ठेवतं, नवा आला की जुना जातो. मी घाईने ड्युटीच्या कागदामागे उरलेले उतरवून घेतले. गेलेला निरोपही आठवून वर लिहिला. पुरावा म्हणून लिहिला की हिचं लिहिलेलं जाऊ नये म्हणून, मला सांगता यायचं नाही.

उत्तर लगेच आलं. "तुम्ही त्या नाही. त्या पाचनंतर उघडायच्या. तुम्ही रोज सकाळी नऊला उघडता. फोन सापडला असेल तर परत करा, नाहीतर मी तक्रार करीन."

माझी बायको किती वाजता काय करायची हे त्याला ठाऊक होतं. आणि पाच ही वेळ मी घरी नसण्याची.

"कोणाला परत करू?" मी विचारलं.

"त्यांच्या नवऱ्याला. चौऱ्याण्णव नंबरची बस चालवतात."

त्या दिवशी दोन थांब्यांवर गाडी न थांबवता पुढे नेली. माणसं ओरडली तेव्हा ब्रेक मारला. माझ्या कंडक्टरला सगळे पंच म्हणतात, कारण तिकिटाला भोक पाडताना तो डाव्या डोळ्याने माणूसही पारखतो. शेवटच्या थांब्यावर चहा पिताना त्याने विषय काढला.

"काय झालंय? आज बस चालवतोयस की पळवून नेतोयस?"

मी कागद त्याच्या हातात दिला. त्याने दोनदा वाचला.

"वहिनी? छे. अरे, त्या दूधवाल्याला 'उद्या या' म्हणताना पण पदर सारखा करायच्या."

"मग हे काय आहे?"

"ते मला काय माहीत? पण एक सांगतो, रागवू नकोस. शेवटचं वर्षभर तू स्वतः घरी किती वाजता जात होतास?"

"रस्ता खणला होता."

"शेड ते तुझं घर दहा मिनिटं. चालत. त्यात रस्ता कुठून आला? चोराच्या मनात चांदणं."

मी कप ठेवला आणि गाडीत जाऊन बसलो. तो मागून आला आणि घंटी वाजवली.

पंच म्हणाला ते खरं होतं, म्हणून तेही सांगून टाकतो. हिचं दुखणं कळलं त्यानंतर मी गाडी शेडमध्ये लावायचो आणि उतरायचो नाही. पाच दहाला गाडी लागायची. सहा वाजेपर्यंत मी स्टिअरिंगवर हात ठेवून अंधाऱ्या शेडमध्ये बसून राहायचो. कधी रडायचो, कधी नुसता समोरच्या गाडीचा नंबर वाचत बसायचो. मग तोंड पुसून घरी जायचो आणि दारातून म्हणायचो, "रस्त्याचं काम संपतच नाही बुवा!" ती हसून दार उघडायची. केस विंचरलेले, पाणी चुलीवर. संध्याकाळी तिला बरं वाटतं, अशी माझी समजूत होती.

पण मी शेडमध्ये बसत होतो, दुसरीकडे कुठे जात नव्हतो. पाच ते सहा घरात काय चालायचं, हा प्रश्न वेगळा. तो काही डोक्यातून जाईना. मी शेजारणीला आडून विचारलं, "हिच्याकडे संध्याकाळी कुणी यायचं का?" तिने माझ्याकडे असं बघितलं की मीच दार लावून घेतलं. कपाट उघडून पाहिलं. नव्या फोनच्या खोक्याखाली औषधाच्या रिकाम्या पाकिटांची एक पिशवी सापडली. सगळी एकाच वेदनाशामक गोळीची, आणि मला ठाऊक होती त्याच्या तिप्पट. तीही मला संशयाचीच वाटली. संशय आला की पिवळी काच लावल्यासारखं होतं, सगळंच पिवळं.

गुरुवारी माझी सुट्टी. मी टेकूला लिहिलं, "फोन परत करायचा आहे. पत्ता द्या."

पत्ता निघाला फरश्यांच्या गोदामाचा. मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. भांडायचं तर नीट दिसून भांडावं.

गोदामाच्या कोपऱ्यात काचेची खोली, आत एक चाळिशीचा माणूस, कुबडी भिंतीला लावलेली. माल आला-गेला लिहायचं त्याचं काम. टेकू हे नाव त्या कुबडीवरूनच पडलं असणार. माझ्या हातातला फोन बघताच तो उभा राहायला लागला.

"हा काकूंचा. तुम्हाला कुठे मिळाला?"

"माझ्या घरात. मी नवरा."

तो 'काकू' म्हणाला तिथेच माझा अर्धा राग उतरला. उरलेला अर्धा मी धरून ठेवला.

"काकू बऱ्या आहेत ना?" त्याने विचारलं.

मी सांगितलं. तो पुन्हा बसला. बराच वेळ नुसता टेबलावरची धूळ बोटाने पुसत राहिला. मग म्हणाला, "मी चोर समजलो तुम्हाला."

"मी तुम्हाला त्याहून वाईट समजलो," मी म्हणालो आणि कागद पुढे केला. "हे काय आहे ते सांगा. खरं सांगा. आता कुणाचं काही बिघडणार नाही."

त्याने कागद वाचला आणि त्याचे कान लाल झाले. "अरे देवा. काका, असं वाचलंत तुम्ही हे?"

मग त्याने सांगितलं. त्याच्याकडेही ह्याच जातीचा फोन होता. बस कंपनीचं ॲप ह्यावर येत नव्हतं आणि कुबडी घेऊन थांब्यावर ताटकळत उभं राहणं त्याला जमत नव्हतं. म्हणून स्वतःपुरतं त्याने हे केलं, बस कुठवर आली ते दाखवणारं. दुकानात ठेवलं तर साठ-सत्तर माणसांनी घेतलं. हळूहळू सगळ्यांनी फोन बदलले. त्याचाही फोन पडून फुटला आणि त्यानेही इतरांसारखा घेतला.

"मग बंद का नाही केलं?"

"काकू होत्या ना. कंपनीच्या ॲपमध्ये थांबा निवडावा लागतो. कुठली गाडी येतेय ते कळत नाही. माझ्यात मार्गाऐवजी ठरावीक गाडीचा नंबर टाकता येतो. काकूंनी एकच नंबर टाकला होता."

"चौऱ्याण्णव."

"हो. आणि माझ्यात आणखी एक रकाना होता. कंपनीकडून चुकून उघडा राहिलेला. चालकाचं कार्ड."

आम्ही चालक ड्युटीवर चढताना मशीनमध्ये कार्ड घालतो आणि उतरताना काढतो. शेडमध्ये बसून राहायचो तेव्हा कार्ड काढायचं माझ्या कधी मनातही आलं नव्हतं. आतच राहायचं.

"सगळे निरोप तुमच्याकडे आहेत?"

"आहेत. पण काकूंनी तुम्हाला..."

"काकू माझी बायको होती. दाखवा."

त्याने टेबलावरच्या संगणकाचा पडदा माझ्याकडे फिरवला. मी चष्मा लावला. हिचं लिहिणं हिच्या बोलण्यासारखंच होतं.

"तुमच्या ॲपमध्ये बिघाड आहे. गाडी शेडमध्ये दिसते पण हे घरी आलेले नाहीत."

"बिघाड नाही काकू. कार्डही आत आहे. काका गाडीतच असतील."

"पन्नास मिनिटं? एकटे?"

"तसंच दिसतंय."

मग दोन दिवस काही नाही. नंतर हिचं: "बसू दे त्यांना. घरी आले की मला बघून हसावं लागतं. तिथे तरी हसावं लागत नाही."

त्याखाली टेकूने विचारलं होतं, तुम्ही त्यांना सांगत का नाही? हिने लिहिलं होतं:

"सांगितलं तर उद्यापासून सरळ घरी येतील. मला ते नको. दुपारनंतर मी पडूनच असते, उठवत नाही. कार्ड निघालं की उठते. दहा मिनिटांत तोंड धुऊन होतं, केस होतात, पाणी ठेवून होतं. त्यांनी मला पडलेली बघू नये. तुमचं ते कार्ड मला फार उपयोगी पडतं."

गोदामात कुणीतरी फरश्या उतरवत होतं. एकेक फरशी ठेवल्याचा आवाज येत होता. गोळ्यांच्या त्या पिशवीचा हिशोब मला तिथे बसल्या बसल्या लागला.

म्हणजे मी शेडमध्ये तोंड पुसत होतो आणि ती घरी तोंड धूत होती. मी दारात खोटं बोलत होतो आणि ती दारात खोटं हसत होती. ती माझं सगळं जाणून होती. मी मात्र काही जाणत नव्हतो, आणि वरून तिच्यावरच संशय घेऊन शेजारणीला विचारून आलो होतो.

टेकूने पाण्याचा ग्लास सरकवला. "काका, कंपनीने यंत्रणा बदललीय, म्हणून आता माहिती येत नाही. दोन रविवार बसलो तर गाडी पुन्हा दिसेल. कार्डाचा रकाना मात्र त्यांनी बंद केलाय. करू, की बंद करून टाकू?"

"कुणासाठी करणार?"

त्याने पडद्याच्या खालच्या कोपऱ्याकडे बोट केलं. वापरणारे: १.

"हे एक आहे तोवर मी बंद करत नाही. तुम्ही उघडणं थांबवलंत की आपोआप शून्य होईल."

मी फोन खिशात घातला. त्यानेही परत मागितला नाही.

दोन रविवार गेले. सोमवारी गाडी पाच आठला शेडमध्ये लावली. इंजिन बंद केलं. पंच पैशांची पिशवी घेऊन उतरला आणि सवयीने म्हणाला, "बस तू. मी जातो."

"थांब," मी म्हणालो, "मीही येतो."

कार्ड काढलं. पंचने कार्डाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि तोंडावर आलेला विनोद गिळला.

दहा मिनिटांत घरी पोचलो. दार कुलपाचं, ते मीच उघडलं. घर होतं तसंच, पडलेलं. चुलीवर पाणी ठेवलं आणि फोन उघडला. निळा चौकोन जागा झाला. 'माहिती मिळत नाही' गेलं होतं. त्याऐवजी होतं: गाडी ९४. शेडमध्ये. कार्ड, आणि पुढे एक नुसती रेघ.

मी पाकीट दाबलं आणि लिहिलं, "कार्ड काढलंय. घरी पोचलो."

वरून हिचा एकही निरोप आता जाणार नव्हता, केव्हाच गेले होते. कागद कपाटात आहे.

टेकूचं उत्तर आलं. "बरं काका. इथे दिसत नाही, पण नोंद करून घेतो."

पाणी उकळायला लागलं होतं. मी उठलो.