काळ्या स्क्रीनमागचे पत्र

मित्रांनो, मी वाचनालयाच्या खिडकीजवळ बसलेला एक जुना संगणक आहे. माझ्या कपाळावर 'तीन' असा आकडा चिकटवला आहे. या रांगेत आम्ही चौघे भाऊ आहोत आणि आम्हाला नावे ठेवायला कोणाला सवड झाली नाही. तशी एरवी लोक मला नावे ठेवतातच. माझी एक कळ अडकते, माझा माउस कधी कधी रुसतो आणि पंखा फिरू लागला की शेजारी पेपर वाचणारे आजोबा माझ्याकडे डोळे वटारून बघतात.

एकेकाळी मात्र माझा थाट होता. खोक्यातून बाहेर काढले तेव्हा आमच्या ग्रंथपाल ताईंनी मला स्वतः मऊ फडक्याने पुसले होते. लोक मागे हात बांधून दुरूनच बघायचे आणि "जपून हं, बिघडेल," असे एकमेकांना बजावायचे. पुढे भीती मोडली आणि मी सगळ्यांचा झालो. घरातल्या संगणकाला निदान आपली माणसे तरी असतात. माझ्यासमोर सकाळी कोणी नोकरीचा अर्ज लिहितो, दुपारी त्याच खुर्चीत कोणी आपल्या आजाराबद्दल वाचून हवालदिल होतो. उठून गेल्यावर कोणी मागे वळून बघत नाही. त्याचे मला वाईट वाटते, पण सवय झाली आहे.

माझे खरे दुखणे वेगळेच आहे. माणूस खुर्चीतून उठतो, पण माझ्यातून उठत नाही. ताईंनी सुरुवातीला आम्हा चौघांसाठी मिळून एकच लॉगिन ठेवले होते. पासवर्ड भिंतीवरच लिहिलेला होता, कारण येणाऱ्याजाणाऱ्याला सांगून सांगून त्यांचा घसा बसायचा. त्या एकाच दारातून सारा गाव आत यायचा आणि आत आल्यावर जो तो आपापली मेलची पेटी उघडायचा. जाताना ती बंद करायची असते, हे ताई घसा फोडून सांगत. लोक मान डोलवत आणि तशीच उघडी टाकून जात.

अशांपैकीच एक म्हणजे शिवणकाकू. त्यांचे कोपऱ्यावर कपडे शिवायचे दुकान आहे. त्यांची एकुलती एक लेक नोकरीसाठी दुसऱ्या शहरात निघाली, तेव्हा काकू रागाच्या भरात म्हणाल्या होत्या, "गेलीस तर मला तोंड दाखवू नकोस." लेकही आईसारखीच, नाकावर माशी बसू न देणारी. ती गेली आणि तिने फोनचा नंबरही बदलला. वर्षभराने काकूंनी कुणाकडून तरी तिच्या कचेरीतला मेलचा पत्ता मिळवला आणि ताईंकडून मेल लिहायला शिकल्या. एका बोटाने, कळा शोधत शोधत त्यांनी लिहिले, "कशी आहेस? जेवतेस ना वेळेवर?" एवढे लिहायला त्यांना सकाळ पुरली नाही.

काम झाल्यावर काकूंनी माझ्या स्क्रीनचे बटण दाबले. मी काळा झालो. दुकानात शिलाई मशीनवरचा दिवा मालवला की काम संपले, अशी त्यांची आयुष्यभराची सवय. त्यामुळे इथेही दिवा मालवला की सगळे बंद, असे त्या धरून चालल्या. मित्रांनो, स्क्रीन म्हणजे नुसता माझा चेहरा. तो झाकला तरी आत मी टक्क जागा असतो, आणि काकूंची पेटी तशीच सताड उघडी होती.

त्या अंधारातच लेकीचे उत्तर आले. माझ्यातून जाणारे अक्षर अन् अक्षर मला कळते, म्हणून ते मी वाचले. तिने लिहिले होते, "आई, तू लिहिलंस आणि मी कचेरीतच रडले. मी महिनाअखेर ही नोकरी सोडून फार लांब, परदेशात चालले आहे. त्यानंतर हा पत्ता बंद होईल. जायच्या आधी चार दिवस तुझ्याजवळ राहावंसं वाटतं. येऊ का? नवा नंबर खाली लिहिलाय. तू काहीच बोलली नाहीस तर तुझा राग गेला नाही असं समजेन आणि पुन्हा त्रास देणार नाही."

मला केवढा आनंद झाला! काकू अजून बाहेर चपला घालत होत्या. त्यांना हाक मारावी, असे मनापासून वाटले. पण मी हाक मारणार कशाने?

थोड्या वेळाने माझ्यासमोर पोस्टमनकाका येऊन बसले. ते निवृत्त झाले आहेत. पुतण्या त्यांना बागेचे फोटो पाठवतो, ते बघायला ते नेमाने येतात. त्यांनी बटण दाबले, तशी काकूंची पेटी समोर आली. सगळ्यांच्या पेट्या दिसायला सारख्याच, आणि कोपऱ्यातले बारीक नाव वाचायला काकांचा चष्मा पुरत नाही. ही आपलीच पेटी, असे समजून ते पुतण्याचा मेल शोधू लागले. सापडेना. सगळीच पत्रे अनोळखी. एका पत्रावर त्यांना 'आई' हा शब्द दिसला, तशी त्यांनी चटकन नजर फिरवली. उभ्या आयुष्यात त्यांनी दुसऱ्याचे पत्र वाचले नव्हते.

"चुकीच्या पत्त्यावर आलंय सगळं," ते स्वतःशीच पुटपुटले. अशा पत्रांचे काय करायचे ते त्यांच्या अंगवळणी पडलेले होते. ती पिशवीत टाकायची आणि पाठवणाऱ्याकडे परत धाडायची. त्यांनी माझ्यावर पिशवी शोधली. वर एक लहानसे चित्र होते, तोंड उघडे असलेले, खाली निमुळते. काकांना ती टपालाची पिशवीच वाटली. त्यांनी सगळी पत्रे निगुतीने निवडली आणि तिच्यात टाकली. मग ताई सांगतात तशी त्यांनी पेटी नीट बंद केली आणि कर्तव्य केल्याच्या समाधानात ताठ मानेने निघून गेले. त्यांचा मला राग आला नाही. इतक्या सज्जन माणसावर रागवायचे तरी कसे?

त्यानंतर काकू रोज येऊ लागल्या. रोज पेटी उघडायच्या आणि रोज ती रिकामी दिसायची. लेकीचे पत्र त्यांच्या बोटापासून वीतभर अंतरावर त्या चित्राच्या, म्हणजे खरे तर कचऱ्याच्या टोपलीत पडलेले असायचे. ताई एकदा म्हणाल्या, "काकू, पुन्हा लिहून बघा की. मेल राहून जातात कधी कधी."

"एकदा विचारलं ना मी?" काकू म्हणाल्या. "आता काय तिच्या मिनतवाऱ्या करू?"

आवाज चढा होता, पण हात पदराशी चाळा करत होते. मी माझ्या परीने खूप धडपडलो. पंखा जोरात फिरवला, तर ताईंनी मला धूळ झाली म्हणून पुसले. महिना संपला आणि लेकीने लिहिलेली तारीख उलटून गेली. पाठोपाठ ती टोपलीही आपोआप रिकामी झाली, कारण जुना कचरा साठू द्यायचा नाही असा मेलचा नियमच आहे.

आज सकाळी ताईंनी सगळ्या नेहमीच्या मंडळींना गोळा केले. कुणाचे तरी मेल दुसऱ्याने वाचल्याची तक्रार आली होती. आता प्रत्येकाला वेगळे लॉगिन, आणि उठताना लॉगआउट केल्याशिवाय कोणी हलायचे नाही. "आणि एक ऐका," त्या म्हणाल्या, "स्क्रीन बंद केली म्हणजे तुम्ही बाहेर पडलात असं नाही. आत सगळं उघडंच राहतं."

"अगं बाई!" काकू म्हणाल्या. "म्हणजे इतके दिवस मी दुकान उघडं टाकून जात होते?"

सगळे हसले. पोस्टमनकाका तेवढे हसले नाहीत.

"तुम्ही तीन नंबरवर बसता का हो?" त्यांनी विचारले. "मागे माझ्या पेटीत कुणाची तरी पत्रं चुकून आली होती. एकावर 'आई' लिहिलेलं. मी ती परत पाठवली, पिशवीत टाकून."

"कसली पिशवी?" ताईंनी विचारले. काकांनी माझ्यावरच्या चित्रावर बोट ठेवले. ताई खुर्चीतच मागे टेकल्या. "काका, ती कचऱ्याची टोपली आहे."

त्यांनी काकूंच्या पेटीतली टोपली उघडली. आत काहीच नव्हते. काकांचा चेहरा पांढराफटक पडला. "मी पुढचं वाचलं नाही हो," ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. "दुसऱ्याचं वाचायचं नसतं."

काकू रागावतील असे मला वाटले होते. त्या काकांच्या जवळ सरकल्या. "'आई' असं लिहिलं होतं? नक्की?"

"अगदी नक्की."

"म्हणजे तिनं लिहिलं होतं," काकू म्हणाल्या आणि त्यांचे डोळे भरून आले. मग त्या माझ्यासमोर बसल्या. लेकीच्या त्याच जुन्या पत्त्यावर, एका बोटाने, पण आज न थांबता लिहू लागल्या. "तुझं पत्र माझ्यापर्यंत आलंच नाही गं. मी मुळीच रागावलेली नाही. सवडीने ये. घाई नाही."

घाई नाही! तो पत्ता बंद झाला आहे, काकू. तिचा नवा नंबर मला तोंडपाठ आहे. तो मला कोणी विचारत नाही आणि विचारल्याशिवाय मला बोलता येत नाही. काकूंनी पाठवायचे बटण दाबले आणि मी निमूटपणे पत्र पाठवले. दुसरे मी काय करणार होतो?

मित्रांनो, तुमची खुर्ची सोडण्याआधी क्षणभर थांबा. आपली पेटी बंद झाली ना, ते नीट बघा. आणि समोर उघडलेली पेटी आपलीच आहे का, हेही बघा. आम्हा सार्वजनिक संगणकांना सगळे दिसते, पण तुमच्यासाठी बोट उचलणे आमच्या हाती नसते.

उठताना काकूंनी ताईंना विचारून विचारून लॉगआउट केले. "आता नीट बंद झालं ना?" त्या म्हणाल्या आणि किती दिवसांनी तरी हसत घरी गेल्या. आता वाचनालय बंद व्हायची वेळ झाली आहे. उद्या दार उघडताच त्या येतील, माझ्यासमोर बसतील आणि आपली पेटी उघडायला सांगतील. त्यांचे पत्र पोचले नाही, असा निरोप तिथे येऊन पडलेला असेल. आणि मला ती उघडावीच लागेल.