पान उलटलेलं ऐकू येतं

आमच्या घरात माझ्या सरावाची लाज वाटायची. उघड कुणी बोलत नसे, पण मी व्हायोलिन खांद्याला लावलं की आई उठून खिडकी लावून घ्यायची, आणि धाकट्या भावाने लावलं की तीच खिडकी सताड उघडायची. पाहुण्यांना ती सांगायची, "थोरली घासते. धाकट्याला मात्र वरूनच देऊन पाठवलंय." हे माझ्यादेखतच चालायचं, आणि मी चहाचे कप गोळा करता करता मान डोलवायची, कारण ते खरंच होतं. मी एक तुकडा आठवडाभर घोटायची, तेव्हा हा पलीकडच्या खोलीत पंख्याकडे बघत लोळत असायचा. मग एक दिवस यायचा, माझ्या हातातून व्हायोलिन काढून घ्यायचा आणि तोच तुकडा असा वाजवायचा की मला माझ्याच बोटांचा राग यायचा.

नोटेशन वाचायला तो कधी शिकला नाही. "कशाला? तू वाजवतेस ना," म्हणायचा. आईला त्याचंही कौतुक. कागद बघून वाजवणं तिच्या लेखी चष्मा लावण्यासारखं होतं. ज्याला दिसत नाही त्याने लावावा.

पुढे मी वाद्यवृंदात लागले, शेवटच्या रांगेत. तिथे मला 'घड्याळ' म्हणतात. समोर कसलाही कागद ठेवा, मी चुकत नाही. याच्यापलीकडे माझ्याबद्दल कुणाला काही सांगता येईल असं वाटत नाही. आमच्या संचालकांना, ताल देतात त्या काठीवरून, आम्ही पाठीमागे 'काठीवाले' म्हणतो. ते मला सगळ्यांसमोर एकदाच बोलले होते. "तुमचं पान उलटलेलं ऐकू येतं हो. हात अडखळतो." मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी येऊन मी ते पान उलटणंसुद्धा घोटलं. अडखळणं गेलं, असं मी धरून चालले.

यंदा पहिल्या रांगेतली जागा रिकामी झाली. मी अर्ज केला नाही. धाकट्याने केला. त्याची चाळिशी आली होती, लोकांच्या समारंभांत वाजवून वाजवून तो कंटाळला होता, आणि हल्ली त्याचं कौतुक करणारे 'गुणी आहे' म्हणून झालं की थोडं थांबायचे. ही संधी गेली तर पुढची कधी येईल याचा भरवसा नव्हता. आमच्या पहिल्या रांगेतली माणसं खुर्ची सहजासहजी सोडत नाहीत.

आमच्याकडे चाचणी मंचावर पडद्याआड होते आणि काठीवाले पहिल्या रांगेला घेऊन खाली ऐकायला बसतात, म्हणजे कुणाचं तोंड बघून निकाल लागू नये. उमेदवाराला नंबर असतो आणि बोलायला मनाई असते. आधी त्याने आपल्या आवडीचं वाजवायचं. मग काठीवाले त्याच दिवसासाठी लिहिलेली, कुणीच न ऐकलेली एक रचना समोर ठेवतात. ती दोन व्हायोलिनची असते. वरची ओळ उमेदवाराने वाचून वाजवायची आणि खालची आमच्यातल्या कुणीतरी, त्याच्या शेजारी पडद्याआड बसून. हे आमच्यातलं कुणीतरी म्हणजे दरवेळी मी. घड्याळाला दुसरं काम काय.

"दुसऱ्या फेरीत वाचावं लागतं," मी त्याला जेवताना सांगितलं.

"तू असशील ना शेजारी?" तो म्हणाला.

मला काय ते कळलं. मी हो म्हणाले नाही. नाहीही म्हणाले नाही.

आई ताटातून मान वर न करता म्हणाली, "बहीण असते कशाला मग?"

नात्यातलं कुणी चाचणीला येणार असेल तर आधी सांगायचं, असा नियम आहे. तो सगळ्यांना माहीत आहे, मलाही. मी तोंड शिवून बसले.

पहिल्या फेरीत त्याने माझ्या शेजारी बसून वाजवलं ते मी गेलं वर्षभर घरी घोटत होते. त्याच्यासमोरचा कागदांचा स्टँड रिकामा होता. डोळे मिटून त्याने गज ओढला आणि माझ्या अंगावर काटा आला. इतक्या वर्षांनंतरही येतो, काय करू. माझ्या वर्षभराच्या मेहनतीला त्याने दोन ओळींत जीव दिला होता. मग मधल्या एका जागी तो थांबला. जेमतेम डोळा लवेपर्यंत. आणि पुढे गेला.

ते माझं पान होतं. माझा कागद तिथे संपतो, गज धरलेल्या हाताने मी पान उलटते आणि पुढे सुरू करते. धाकट्याने भिंतीपलीकडून सूर उचलले तसं हेही उचललं होतं. म्हणजे माझं अडखळणं गेलं नव्हतंच. मी ते घोटून घोटून पक्कं केलं होतं, इतकं पक्कं की मला ऐकूच येईनासं झालं, आणि वरून ते त्याच्याही हातात घातलं होतं.

पडद्याबाहेरून काठीवाल्यांचा आवाज आला. "वा. काय श्वास घेतलाय मध्ये. असलं काही शिकवून येत नाही."

शिपायाने दोन्ही स्टँडवर नव्या रचनेचे कागद ठेवले. दोघांसमोर तेच, दोन्ही ओळी वरखाली लिहिलेल्या. धाकट्याने कागदाकडे पाहिलं. त्याचे कान लाल झाले. मग त्याने माझ्याकडे पाहिलं, लहानपणी दारात उभा राहून बघायचा तसं. बाहेर काठी लाकडावर टकटकली. "करा सुरू."

मी वरच्या, त्याच्या ओळीवर नजर ठेवली आणि गज टेकवला.

तो दोन सूर ऐकेपर्यंत थांबला आणि माझ्या खालून आत शिरला. खालच्या ओळीत काय लिहिलंय याचा त्याला पत्ता नव्हता, तरी त्याने तिथल्या तिथे अशी साथ रचली की मला आधार वाटला. आणि मी वाजवलं. शेवटच्या रांगेत कधी वाजवलं नव्हतं, बंद खिडकीत तर नाहीच नाही, असं वाजवलं. ते मी वाजवतेय हे कुणाला ठाऊक नव्हतं, म्हणून जमलं. मध्ये पान आलं, ते मी उलटलं.

संपल्यावर कुणीतरी टाळी वाजवली. टाळीलाही मनाईच आहे.

"यासाठी जन्मावं लागतं," काठीवाले म्हणाले. "आणि घड्याळ, तुम्हाला आज झालंय काय? मी लिहिलेलं एकही वाक्य वाजवलं नाहीत. कानाला बरं लागलं, पण ते माझं नव्हतं."

बाहेर हशा पिकला. माझ्याकडे अब्रू म्हणून काय ती तेवढीच होती, न चुकण्याची. ती गेली. आणि तरी मी आतून फुलले होते. खोटं करून, नियम मोडून, भावाच्या नंबराखाली मिळालेल्या शाबासकीने मी फुलले होते. मला माझी किळस आली.

पडदा सरकवला गेला. काठीवाले मंचावर आले आणि धाकट्याच्या स्टँडपाशी थबकले. तिथे पहिलंच पान होतं. "हे बघा," ते बाकीच्यांना म्हणाले, "याला पान उलटायची गरजसुद्धा पडली नाही. एका नजरेत पाठ. वाजवा पुन्हा एकदा, यांना नीट ऐकू दे."

धाकट्याने वाजवलं. आता ती रचना त्याने एकदा ऐकली होती ना. सुरुवातीपासून एकेक सूर जिथल्या तिथे, मी दिला होता तसाच, वर त्याची स्वतःची माया. देणगी नसते म्हणणाऱ्यांना मी तिथे आणून बसवलं असतं. मग तो माझ्या पानाच्या जागी आला, थांबला, आणि पुढे गेला.

"इथे मी विश्रांती लिहिलेली नाही," काठीवाले म्हणाले. "पुन्हा."

तो पुन्हा तिथेच थांबला. आपण थांबतोय हे बिचाऱ्याला कळत नव्हतं.

काठीवाल्यांनी त्याच्या स्टँडवरचं पहिलं पान पाहिलं. मग माझ्या स्टँडवरचं उलटलेलं. माझ्याकडे वळून ते अगदी हळू आवाजात म्हणाले, "पान उलटलेलं ऐकू येतं हो."

मी मान खाली घातली. त्यांनी काठीचं टोक धाकट्यासमोरच्या कागदावर एका सुरावर टेकवलं. "हा कुठला?"

सगळी पहिली रांग बघत होती. धाकटा त्या ठिपक्याकडे पाहत राहिला.

"मला वाचता येत नाही," तो म्हणाला.

"मग वाचायला शिकून या," ते म्हणाले. आणि मला, "तुम्ही इतकं वाजवता? मग इतकी वर्षं कुठे होता?" शिक्षा केली असती तर मी सोसली असती. मी व्हायोलिन पेटीत घातलं.

आम्ही घरी आलो. आईने आमचे चेहरे पाहिले आणि चहा टाकला. संध्याकाळी धाकट्याने माझ्या कपाटातून शिकाऊ मुलांचं पहिलं पुस्तक स्वतःच काढलं, स्टँडवर ठेवलं आणि मला शेजारी बसायला सांगितलं. मी बोटाने सूर दाखवायची, धाकटा तो तारेवर शोधून काढायचा. डोळे कागदावर लागले की त्याच्या गजाला काय व्हायचं कोण जाणे, तार नुसती खरखरत होती. चाळिशीचा माणूस एकेका सुरावर अडत होता. मला त्याच्याकडे बघवेना.

आई स्वयंपाकघरातून आली. क्षणभर दारात उभी राहिली. मग तिने जाऊन खिडकी लावून घेतली.

धाकट्याचा गज जागच्या जागी थांबला. त्याच्यासाठी ती खिडकी पहिल्यांदाच लागली होती. मला बरं वाटलं. एक क्षणच, पण खरोखर बरं वाटलं. आणि तो तेव्हा माझ्याकडेच बघत होता.