दोनशे बारा नंबरची काच

दोनशे बारा नंबरची काच टेबलावर ठेवून सात मिनिटे झाली होती आणि लॅबवाल्या ताईंनी अजून भिंगाला डोळा लावला नव्हता.

समोरच्या भिंतीवर त्यांच्याच अक्षरातली सूचना होती : 'नमुना दहा मिनिटांच्या आत पाहावा.' संबंधातून पसरणारा हा परजीवी जंतू ओळखायचा तो त्याच्या हालचालीवरून. काच गार झाली की तो थांबतो, आणि थांबला की शेजारच्या पांढऱ्या पेशींसारखाच एक ठिपका होऊन जातो. गुप्तरोगांच्या या दवाखान्यात येणाऱ्या बायकांपैकी किती जणींच्या अंगात तो आहे, याची मोजणी तीन महिने चालू होती. नावे नव्हती, फक्त नंबर. दोनशे अकरांपैकी एकतीस नंबरांपुढे फुली पडली होती. एकवीस वर्षांच्या नोकरीत ताईंनी एकही काच गार होऊ दिली नव्हती.

दोनशे बारावा नमुना त्यांचा स्वतःचा होता.

पंधरा दिवस जळजळ होत होती. आधी त्यांनी साबण बदलला, मग वयाला दोष दिला. आज पेशंट संपल्यावर स्वच्छतागृहाची कडी लावून नमुना घेतला आणि रुमालाखाली झाकून आणला.

आणखी तीनच मिनिटे बसून राहायचे. मग पाहायचे आणि 'आढळला नाही' असे लिहायचे. म्हणजे घरी मास्तरांना काही सांगावे लागणार नाही. मास्तर, म्हणजे त्यांचे यजमान, शाळेत गणित शिकवत. डोकेदुखीच्या गोळीचीसुद्धा मुदत वाचून ते चष्म्यावरून बघत विचारत, "कशासाठी? किती दिवस? अन् नाही घेतली तर?" सव्वीस वर्षे ताई या चौकशीला हसत आल्या होत्या. आज तीच आठवून त्यांनी पुन्हा घड्याळाकडे पाहिले.

"काय हो ताई, भिंगाशी भांडण झालंय का?" दारातून सिस्टर म्हणाल्या. "आटपा की. मला कुलूप लावायचंय."

"बघतेय."

"बघताय घड्याळाकडे!"

ताई वाकल्या. आधी दिसल्या नुसत्या पांढऱ्या पेशी, निश्चल. त्यांनी रोखलेला श्वास सोडला. काच जराशी सरकवली, आणि कडेला काहीतरी झटका देऊन वळले. नासपतीच्या आकाराचे, पुढे बारीक धागे. मग दुसरे. तिसरे.

त्यांनी वही ओढून फुली मारली. रेघ वाकडी आली.

"आहे."

"अगं बाई! बत्तिसावी. गेली कुठं पण ती? नवऱ्याच्या गोळ्यांची पुडी न नेता गेली, तर महिन्यानं पुन्हा तेच रडगाणं."

"इथंच आहे. द्या दोन्ही पुड्या."

सिस्टरांनी मागे वळून पाहिले. बाहेरचा बाक रिकामा होता. मग त्यांची नजर ताईंच्या पुढे आलेल्या हातावर गेली. त्यांनी दार लोटले, समोर खुर्ची घेतली आणि प्रत्येकीला सांगत तेच, एकही शब्द न गाळता, सांगितले. "दोघांनी घ्यायच्या. वर्षानुवर्षं गप्प राहतं हे अंगात. कुणाकडून कुणाला आलं, ते तपासणीवरून कळत नाही."

"हे वाक्य मीच तुम्हाला लिहून दिलं होतं."

"हो ना. मग आज ऐका की."

वाटभर ताई उत्तरे जुळवत होत्या. 'कशासाठी?' असे ते विचारतील. आवाज चढवतील. माझ्यावरच संशय घेतला तर? दोनदा त्यांनी वळण चुकवले.

मास्तर वह्या तपासत होते. ताईंनी पाण्याचा पेला आणि पुडी समोर ठेवली.

"अहो, या गोळ्या घ्यायच्यात. दोघांनी. आत्ताच."

लाल पेन थांबले. मास्तरांनी चष्मा कपाळावर चढवला. ताईंनी टेबलाची कड घट्ट धरली.

मास्तरांनी पुडी उलटसुलट केली, पण चष्मा खाली घेतला नाही. एकेक करत त्यांनी चारही गोळ्या गिळल्या, पाणी संपवले आणि पेला, त्यांच्याकडे न बघता, पुढे सरकवला.

ताई पेला हातात धरून 'कशासाठी?' याची वाट बघत थांबल्या.

मास्तरांनी चष्मा डोळ्यांवर ओढला आणि तपासून झालेल्या गठ्ठ्यातली वरची वही पुन्हा उघडली.