शिक्का बसेपर्यंत

दस्तगीर आणि अबूबकर या दोघा भावांची शिरड शहापूरच्या शिवारात विहीर एकच, आणि पाण्याच्या पाळीवरून भांडण नेहमीचं. आज कुणी कुणाला पाळी दिली, हे उद्या दोघांनाही कबूल नसायचं.

दस्तगीरची पोरगी कहकशा पुण्याच्या एका कंपनीचं काम घरी बसून करायची. बिटकॉइनच्या जुन्या, भक्कम जाळ्यावर पैशाशिवाय आणखी काय उभारता येईल, हे शोधणं तिचं काम. तिथं एकदा नोंद बसली की कुणाच्या बापाला खोडता येत नाही. तिला घरचंच भांडण आठवलं. तिनं कंपनीला सांगून, प्रयोग म्हणून दोघांच्या मोबाइलवर पाळीचं अ‍ॅप टाकून दिलं. पाळी बदलायची तर दोघांनी बोट दाबायचं, नोंद जाळ्यावर जायची, हिरवा शिक्का दिसला की पाळी पक्की.

काही दिवस घरात शांतता होती. मग गहू ओंबीवर आला. पाळी अबूबकरची होती, पण दस्तगीरचा गहू जास्त सुकलेला. अबूबकर राजी झाला, दोघांनी बोट दाबलं, आणि शिक्का काही बसेना.

कहकशानं घरून पाहिलं, तर जाळ्यावर जगभरातून गर्दी लोटलेली. तिथं जास्त फी भरणाऱ्याची नोंद आधी; तिच्या नोंदीची फी किरकोळ, त्यामुळं ती रांगेत मागंच पडत चाललेली. फी वाढवायची सोयच तिनं केली नव्हती. ती उठली, बसली, पुन्हा पडद्याकडं पाहिलं. शेवटी तशीच शेताकडं निघाली.

बांधावर अबूबकरचाचा पाणी वळवायच्या वॉलपाशी उभे होते, अब्बा मोबाइल हातात घेऊन उकिडवे बसले होते. लाईट जायची वेळ जवळ आली होती आणि मोटर चाचांच्याच रानात पाणी ओतत होती. कहकशानं सांगितलं, शिक्का बसेल मागून, वॉल फिरवा. चाचा हलले नाहीत.

"तूच म्हणली होतीस, हिरवं झाल्याबिगर पाळी न्हाई," ते शांतपणे म्हणाले. "उद्या पाळी दिलीच न्हाई म्हणून माह्यावर आळ नको."

अब्बांनीही मान हलवली. एवढ्या वर्षांत त्या दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं.

तेवढ्यात भाकरी घेऊन नजमाचाची आली. काय चाललंय ते तिनं ऐकून घेतलं आणि नवऱ्याकडं पाहिलं.

"तुमी दोघं तर समोरासमोर हायेत. मंग कुणाला इचारून राहिले?"

भाकरीचं गाठोडं बांधावर ठेवून तिनंच वॉल फिरवला. लाईट गेली तेव्हा अब्बांचं अर्धं रान भिजलं होतं. शिक्का त्यानंतर बसला, तो पाहायला कुणी मोबाइल उघडलाही नाही.

दुसऱ्या दिवशी कंपनीतून विचारणा झाली, प्रयोग कसा चाललाय. कहकशाला चाललाही म्हणता येईना, फसलाही म्हणता येईना. तिनं अ‍ॅप पुन्हा उघडलं आणि आधी पाणी, मग नोंद, असा क्रम लावायला घेतला. चाचा दारात येऊन उभे राहिले, तिनं त्यांना नवा क्रम सांगितला.

"अन् पाणी घेऊन कुणी घेतलंच न्हाई म्हणलं तर?"

"तर भांडा, चाचा. पण वॉल फिरवून भांडा."

चाचांना ते पटलं नाही. ते गेल्यावर कहकशाही बराच वेळ कोडच्या एकाच ओळीवर अडून राहिली, कारण तिलाही ते पुरतं पटलं नव्हतं.