डावीकडचा

इतोमानच्या मासळीबाजारामागच्या तालमीत मिसुझू तोकाशिकी लहानपणापासून कराटेतला काता करायची. काता म्हणजे एकटीनं लढायची लढाई. शत्रू नसतो, पण तो आहे असं पंचांना दिसावं लागतं. योनामिने गुरुजींचं एकच रडगाणं होतं, की पोरीचा हात म्हणजे वीज, पण शत्रूचा पत्ता नाही. त्यामुळे ती दर वर्षी दुसरी यायची आणि ओकिनावाच्या संघाबाहेर राहायची. यंदाची संधी शेवटची. तिच्या वयाच्या मुलीला संघवाले पुन्हा विचारणार नव्हते.

म्हणून तिनं ध्यास घेतला. कात्याचं पहिलं वळण डावीकडे, म्हणून ती डावीकडेच टक लावून बघायची, अगदी जेवतानासुद्धा. एक दिवस तिची आई मासळी विकून, रिकामी पाटी घेऊन तालमीत शिरली, तर गुरुजी म्हणाले, "ताई, बाजूला व्हा, तो तुमच्या अंगावर पडेल."

तेव्हापासून तो शत्रू सगळ्यांनाच दिसू लागला. हडकुळा, कानाशी केस पिकलेला. नाव कुणी विचारलं नाही, डावीकडचा म्हणायचे. आईला त्याची दया आली. ती त्याला टोफू घातलेलं कारलं वाढायची, बरगड्यांना तेल लावायची. शत्रूचे असे लाड केले तर तो पडायला आळस करेल, असं मिसुझूचं म्हणणं. मग तू हळू मार, असं आईचं.

नाहा शहरात संघनिवडीच्या अंतिम फेरीआधी मिसुझू पट्टा बांधत होती, तेव्हा डावीकडचा जवळ आला.

"तुला दिसत नव्हतो तेव्हापासून मार खातोय, बाई. आज एक माझा लागू दे."

"आज नको. उद्या हवे तितके मार."

"उद्या तू मोठी होशील. मग कोण ओळखतंय."

ती हसली आणि मैदानात गेली. वाकून नमस्कार केला, कात्याचं नाव पुकारलं, डावीकडे वळली, आणि त्याची मूठ तिच्या ओठावर बसली. पांढऱ्या कपड्यांवर रक्त ठिबकलं. ती थांबली नाही. त्याला आडवा केला, बाकीच्या बाजूंच्या शत्रूंचाही समाचार घेतला आणि निघाली त्याच जागी येऊन उभी राहिली.

पंच गोळा झाले. मुख्य पंचबाईंनी रक्त बोटानं चाचपून पाहिलं. "रक्त खरं आहे, म्हणजे मारणाराही खरा," त्या म्हणाल्या. सगळ्यांनी डावीकडे पाहिलं. त्यानं मान खाली घातली. कात्यात खरोखर मारलं म्हणून पंचांनी त्याला बाद केलं, वर्षभर तालमीत पाऊल टाकायची बंदी घातली आणि मिसुझूला विजयी ठरवलं. अंतिम फेरीतल्या दुसऱ्या मुलीनं तक्रार केली, की माझे शत्रू तर आज आलेच नाहीत. ती तक्रार तिलाच भोवली.

मिसुझू संघात गेली. आता तोक्योची स्पर्धा तोंडावर होती. सकाळी ती तालमीत डावीकडे वळली, तर तिथं नुसती भिंत. डावीकडचा बाहेर, फाटकावरच्या मातीच्या सिंहाशेजारी पाय सोडून बसला होता.

"गुरुजी, आता मी कुणाशी लढू?"

"उजवीकडचा आहे की."

"तो भित्रा आहे. मी वळले की पळतो."

गुरुजींनी डोकं खाजवलं. फाटकावरून आवाज आला, "आधी त्याला जेवायला घाल."

आई एव्हाना वाडगा आणायला गेली होती. मिसुझूनं पट्टा सैल केला आणि कुणी दचकू नये अशा बेतानं, हळूच उजवीकडे तोंड करून बसली.