वकिलाची नेहमीची वाट

सासूबाईंच्या तोंडात स्वतःचे म्हणावेत असे चारच दात उरले होते, आणि येत्या सोमवारी तेही जावईबापू काढणार होते. जावईबापू दातांचे डॉक्टर. दवाखाना घराच्याच तळमजल्यावर, त्यामुळे सासूबाईंना पळून जायचं म्हटलं तरी वेटिंग रूममधूनच जावं लागे. तिथे भिंतीवर एका किडक्या दाढेचं उशीएवढं चित्र होतं आणि त्याखाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ‘साखर : गोड बोलून गळा कापणारी.’

“आई, एक तर गोड सोडा, नाहीतर दात सोडा,” असा निकाल त्यांनी महिन्याभरापूर्वी दिला होता. सासूबाईंनी गोड सोडलं नाही. मग त्यांच्या उशाचा टॉफीचा डबा जप्त झाला, कचऱ्यात टाकल्याची घोषणा झाली आणि कवळीसाठी सोमवार ठरला. दात दुखत नव्हते, हलत नव्हते. “पण आज ना उद्या जाणारच,” हे जावईबापूंचं शास्त्र. या हिशेबाने सासूबाईंनाही आजच काढायला हरकत नव्हती.

मुलगी अर्थातच नवऱ्याच्या बाजूची. “अगं आई, तुझ्या भल्यासाठीच सांगतात ना ते? स्वतः बघ, लग्नापासून साखरेचा कण तोंडात घातलेला नाही.”

“हो, चेहऱ्यावर दिसतं ते,” सासूबाई म्हणाल्या.

शनिवारी सकाळी एक पेशंट गाल धरून दारात उभा राहिला. अक्कलदाढ होती, तिला वेळकाळ नसतो. इकडे वकील पट्टा तोंडात धरून तयार. वकील म्हणजे घरातला लांब कानांचा कुत्रा. त्याला ‘नाही’ म्हटलं की तो निघून जात नसे. समोर बसून, भुवया उडवत, तोच मुद्दा नव्याने मांडत असे. म्हणून वकील.

“आई, आज तू ने ना याला,” मुलगी म्हणाली. “अगदी सोपी वाट आहे. नदीच्या काठाकाठाने कुरण, मग जराशी झाडी, आणि पुलावरून परत.”

जावईबापूंच्या हातातला चिमटा ट्रेमध्ये खणकन पडला. “आईंना कशाला त्रास? मी दुपारी नेतो.”

“दुपारपर्यंत तो गालिच्यावर उरकेल.”

“मग कुरणापर्यंतच जा हं, आई. झाडीत शिरू नका. चिखल आहे, गोचिड्या आहेत आणि… फांद्या आहेत.”

झाडीत फांद्या असतात ही माहिती सासूबाईंना नवी नव्हती. जावयाच्या कपाळावरचा घाम मात्र नवा होता. त्यांनी चपला बदलून बूट घातले.

कुरण छान होतं. गवत गुडघ्यापर्यंत, दोन गाई रवंथ करताहेत, नदी कसलीही घाई नसल्यासारखी वाहतेय. सासूबाईंनी गाईंच्या दातांकडे जरा हेव्याने पाहिलं. कुरणाच्या टोकाला लाकडी फाटक होतं. इथून वळायचं, असा हुकूम होता.

“चला वकीलसाहेब, मागे.”

वकील बसला. भुवया उडाल्या.

“अहो, तुमच्या साहेबांनीच सांगितलंय.”

वकिलाने फाटकाला नाक लावून ते ढकललं. सासूबाईंनी पट्टा जरा ओढून पाहिला, म्हणजे कुणी विचारलंच तर ‘ओढला होता’ असं खरं सांगता यावं, आणि मग त्या मुकाट्याने मागून निघाल्या. झाडीत चिखलाचं नाव नव्हतं. पायवाट तर दवाखान्याच्या फरशीसारखी, रोजच्या चालण्याने गुळगुळीत झालेली.

एका पोकळ बुंध्याच्या झाडापाशी वकील थांबला, ताठ बसला आणि आ करून बत्तीशी दाखवू लागला. आधी दात तपासायचे, मग बिस्कीट मिळतं, हा जावईबापूंचा घरचा शिरस्ता. पण घर इथून बरंच लांब होतं.

सासूबाईंनी बुंध्याच्या पोकळीत हात घातला. आधी कुत्र्याच्या बिस्किटांचा पुडा आला. मग एक प्लास्टिकची पिशवी, आणि पिशवीत निळा डबा. झाकणाला कोपऱ्यात पोचा होता. तो पोचा त्यांनी स्वतः, झाकण अडकलं म्हणून, खिडकीच्या कठड्यावर आपटून पाडला होता.

डबा टॉफ्यांनी गच्च भरलेला. त्यांच्या वेळच्याहूनही भारीतल्या, सोनेरी कागदाच्या. आणि टॉफ्यांच्या मधोमध एक टूथब्रश, छोटी पेस्ट आणि दांडीचा आरसा. माणसाने पाप करावं, पण इतकं व्यवस्थित?

त्यांनी वकिलाला बिस्कीट दिलं. ते संपवून तो थेट नदीच्या काठावर जाऊन बसला आणि मागे वळून वाट पाहू लागला. आता चूळ भरायची असते ना, असा एकूण भाव.

“तुम्हाला सगळं ठाऊक होतं तर,” म्हणत सासूबाई शेजारी टेकल्या. त्यांनी एक टॉफी उलगडली आणि सोमवारच्या चारी आरोपींच्या स्वाधीन केली. चौघांनीही काम चोख केलं.

तेवढ्यात पाचोळा करकरला. जावईबापू पांढऱ्या कोटात, मास्क हनुवटीखाली, धापा टाकत उभे होते.

“आई! तुम्ही… तुम्हाला म्हटलं होतं ना…”

सासूबाईंना उत्तर देता येत नव्हतं. टॉफी चिकट होती. त्यांनी हातानेच ‘बसा’ म्हटलं आणि शांतपणे चघळत राहिल्या. या शांततेने जावईबापूंचं जे केलं, ते शंभर प्रश्नांनी झालं नसतं.

“मी लगेच ब्रश करतो हो. नियमाने. कीड लागत नाही त्याने.”

चघळणं चालूच.

“फक्त शनिवारी. म्हणजे… आणि इतर दिवशी.”

टॉफी संपली. “पेशंट कुठाय?”

“सुन्न करून आलोय. इंजेक्शन चढायला वेळ लागतो.”

“आणि हा डबा? कचरापेटीत झाड उगवलं वाटतं.”

“आई, हिला सांगू नका. अहो, भिंतीवरची ती पाटीसुद्धा हिनेच लिहिलीय!”

“मी कशाला सांगू? वकील आहे ना माझा.” वकिलाने नाव ऐकून शेपटी आपटली. “आता सोमवारचं बोला.”

जावईबापूंनी खिशातून छोटी टॉर्च काढली. “आ करा.” चारही दातांवर उजेड फिरला. ते बराच वेळ पाहत राहिले. आपल्याच रोगनिदानातून मागे फिरायला तेवढा वेळ लागतोच. “तसे… घट्ट आहेत.”

“किती वर्षं घट्ट?”

“तुम्ही म्हणाल तितकी.”

“मग घ्या,” म्हणत सासूबाईंनी डबा पुढे केला. जावईबापूंनी एक टॉफी घेतली, मग इकडे-तिकडे पाहून आणखी एक खिशात टाकली. नंतर दोघांनी पेस्ट लावून दात घासले, त्यांनी ब्रशने, सासूबाईंनी बोटाने, आणि नदीत चुळा भरल्या. आणि जावईबापू सुन्न झालेल्या माणसाकडे धावत सुटले.

घरी मुलगी दारातच उभी होती. “कशी होती वाट?”

“सोपी. पण रोज जायला हवं, तरच फरक पडतो.”

मुलगी जवळ आली, तिने वास घेतला, आणि तिचे डोळे भरून आले. “आई! तू दात घासलेस? सकाळी दुसऱ्यांदा?” ती खालच्या मजल्याकडे ओरडली, “अहो, ऐकलंत का? आईने तुमचं म्हणणं मनावर घेतलं हो!”

खालून नुसतं ‘म्म’ ऐकू आलं. डॉक्टरांच्या तोंडात बहुधा काहीतरी होतं.